यॉट भाड्याने घेताना: डिपॉझिट ठेवावं की विमा घ्यावा?

गेल्या रविवारी नेरूळला मित्राच्या घरी सहलीला निघालेले सहाजण जमले होते, सल्ल्याला मीही होतो. लॅपटॉपवर ग्रीसमधल्या लेफ्काडाच्या एका कंपनीचा करार उघडा होता. चाळीस फुटी शिडाची बोट, एक आठवडा, सोबत कंपनीचा खलाशी नाही, सुकाणू आपल्याच हातात. याला बेअरबोट चार्टर म्हणतात. करारात शेवटी दोन पर्याय होते. एकात ३००० युरो डिपॉझिट, बोट धड परत दिली तर पूर्ण परत. दुसऱ्यात ३५० युरो 'डॅमेज वेव्हर', हे परत मिळणार नाहीत, पण डिपॉझिट फक्त ५०० युरो. "मग डिपॉझिट ठेवायचं की विमा घ्यायचा?" हा प्रश्न आला आणि चहा गार होईपर्यंत तोच चालला. नवी मुंबई-ठाण्यातले शीडवाले मित्र दर मोसमात मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गाठ सोडवू. बोटीचा विमा बहुतेक चार्टर कंपन्यांनी आधीच उतरवलेला असतो. बोट बुडाली, दुसऱ्याच्या बोटीवर आदळली, तर तो विमा पुढे येतो. पण प्रत्येक क्लेममधली सुरुवातीची ठरावीक रक्कम विमा कंपनी देत नाही. आपल्या गाडीचंच घ्या. १५०० सीसीपर्यंतच्या कारला दर क्लेममागे १००० रुपये मालकाने भरायचेच असतात, त्यावरच्या इंजिनाला २०००. बोटीच्या विम्यात हीच रक्कम हजारो युरोंत जाते, आणि चार्टर कंपनी ती तुमच्याकडून आधीच अडवून ठेवते. तेच तुमचं डिपॉझिट. म्हणजे डिपॉझिट ठेवणारा विम्याबाहेर नसतो. क्लेममधल्या त्या सुरुवातीच्या रकमेचा भार त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतलेला असतो, इतकंच.

वेव्हर म्हणजे त्या भारातला मोठा वाटा कंपनीने थोड्या पैशांत आपल्याकडे घेणं. बोलताना सगळे त्याला विमा म्हणतात, पण अनेकदा तो विमा कंपनीची पॉलिसी नसून चार्टर कंपनीनेच दिलेली सूट असते. त्यामुळे काय धरायचं आणि काय वगळायचं हे त्यांच्या करारातलं कलम ठरवतं.

खरा विमा हा तिसरा पर्याय आहे. वेगळ्या विमा कंपनीकडून 'डिपॉझिट इन्शुरन्स' घेता येतो. त्यात पूर्ण डिपॉझिट तुम्हीच ठेवायचं, कापलं गेलं तर कागद पाठवून भरपाई मागायची. युरोपातल्या विमा कंपन्या यात जुन्या आहेत, पण पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न विचाराच: भारतात राहणाऱ्याला ही पॉलिसी लागू होते का? आणि इथून घेतलेल्या प्रवास विम्यावर भिस्त ठेवू नका. त्यात दुसऱ्याच्या नुकसानीचं कलम असलं तरी स्वतःच्या ताब्यातल्या भाड्याच्या वस्तूचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं.

आता हिशेब, कारण खरी मेख इथेच आहे. दोन वर्षांपूर्वी तिकडेच मी अशाच बोटीचा स्किपर, म्हणजे कप्तान होतो. आपण शिकतो मुंबई बंदरात, जिथे मोठ्या भरती-ओहोटीला पाणी चार-साडेचार मीटर खालीवर होतं. तिकडच्या समुद्रात भरती जेमतेम जाणवते, पण धक्क्याला लागायची रीत निराळी. पुढे नांगर टाकायचा आणि बोट उलटी घेत मागची बाजू धक्क्याला लावायची. त्या संध्याकाळी आडवा वारा सुटला होता. नांगर धरला नाही, घसरला. फेंडर (धक्का झेलणारा फुगा) घेऊन धावणारा मित्र पोचायच्या आत बोटीची पाठ काँक्रीटवर टेकली. आवाज फार मोठा नव्हता, पण पोहायची शिडी वाकली आणि तळहाताएवढा पांढरा थर उडाला. ६२० युरो कापले गेले. त्यात १५० युरो एका जुन्या ओरखड्याचे होते. तो आमचा नव्हता, पण आमच्याकडे त्याचा फोटोही नव्हता.

हेच नुकसान वेव्हर घेऊन झालं असतं तर? वरच्या कराराप्रमाणे ३५० आधीच गेले असते आणि नुकसानीतले पहिले ५०० डिपॉझिटमधून, एकूण ८५०. म्हणजे आमच्या टेकणीला पूर्ण डिपॉझिटच स्वस्त पडलं. मात्र धक्क्याजवळच्या पाण्याखालच्या दगडाला सुकाणू घासून तुटलं असतं, तर ३००० च्या ३००० गेले असते आणि वेव्हरवाला ८५० वर थांबला असता. तेव्हा या करारात सीमारेषा ८५० युरोंची. तुमच्या करारातले आकडे टाकून ती दोन मिनिटांत काढता येते. खरचटण्यासाठी वेव्हर घेऊ नये. तो मोठ्या दणक्यासाठी आहे.

दणका कुठला धरत नाहीत तेही बघा. हरवलेली डिंगी (सोबतची छोटी होडी), तिचं मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन, तुंबलेलं संडास, उशिरा परत केल्याचा दंड हे बरेचदा वेव्हरबाहेर असतं. दारू पिऊन किंवा मनाई असताना रात्री बोट हाकली, म्हणजे घोर निष्काळजीपणा ठरला, तर वेव्हरही नाही आणि मालकाचा विमाही हात वर करू शकतो. डिपॉझिटबद्दल एक ओळ शोधा: कपात पूर्ण चार्टरसाठी एकदाच, की प्रत्येक घटनेला वेगळी? काही करारांत ती घटनेगणिक असते, आणि एका आठवड्यात दोन घटना घडू शकतात.

पैसे अडवण्याची पद्धतही महत्त्वाची. ३००० युरो म्हणजे आजच्या भावाने तीन लाखांच्या घरात. कंपनी क्रेडिट कार्डावर रक्कम नुसती ब्लॉक करते की खरोखर वसूल करते, हे ईमेलवर विचारून ठेवा. ब्लॉक झाली तर फक्त मर्यादा अडकते. वसूल करून परत केली तर येता-जाता विनिमय दराचा फरक आणि बँकेचं शुल्क तुमच्या खिशातून जातं, बोटीला साधा ओरखडाही नसताना. आणि २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं. ते घरूनच सुरू करून, मर्यादा वाढवून निघा. मरीनाच्या कार्यालयात ओटीपीची वाट बघत उभं राहायची वेळ येऊ नये.

गेटवेहून किंवा बेलापूरच्या बाजूने दोन तासांसाठी खलाशासकट बोट घेणाऱ्यांना यातलं फारसं लागू नाही. तिथे बोट हाकणारा त्यांचा, म्हणून आदळली तर जबाबदारीही त्यांची. तुमच्याकडून घेतलेली अनामत काचा फुटणं, गाद्या खराब होणं यासाठीची. तिथे विचारायचं ते वेगळंच: प्रवाशांचा विमा आहे का, आणि प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, लहान मुलांसकट.

नेरूळच्या त्या सहाजणांना मी वेव्हर घ्यायला सांगितलं. त्यांच्यात धक्क्याला बोट उलटी लावलेली एकच जण आहे, तीही प्रशिक्षणात, शेजारी शिक्षक असताना. ३५० युरो सहांत वाटले तर डोई साठही येत नाहीत. दोघेतिघे मुरलेले स्किपर असते तर मी पूर्ण डिपॉझिट ठेवायला सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून तिथेच करून घेतली. डिपॉझिट एकाच्या कार्डावर असतं, नांगर दुसरा टाकतो आणि सुकाणू तिसरीच्या हातात असतं. कपात झाली तर ती सहांत समान, चूक कोणाचीही असो, असं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं आणि सहाही जणांकडून 'मान्य' घेतलं. बोट ताब्यात घेताना चित्रीकरण करायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याला शिडी, दोन्ही कडा, डिंगीचं इंजिन आणि नांगराच्या साखळीचं शेवटचं टोक दाखवायला सांगितलंय, कंपनीचा माणूस शेजारी उभा असतानाच.