तीन खात्यांपुरता सामीलनामा

मुंबईकर सुटीत गाडी काढून जव्हारचा राजवाडा बघायला जातात, मुरूडजवळ होडीतून जंजिऱ्यावर उतरतात. लालबाग-परळमधली जुनी माणसं गावाचं नाव सांगताना ‘सावंतवाडी संस्थान’ म्हणायची. १९४७ साली ही तिन्ही ठिकाणं मुंबई प्रांताच्या बाहेर, आपापल्या संस्थानिकाच्या कारभाराखाली होती. ती भारतात येताना दिल्लीने काय कबूल केलं होतं, हे पाहिल्याशिवाय काश्मीरच्या ३७० व्या कलमावरचा वाद नीट कळत नाही.

५ जुलै १९४७ रोजी वल्लभभाई पटेलांनी संस्थानिकांना आवाहन केलं. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण ही तीनच खाती केंद्राकडे द्या, बाकी कारभारात तुमची स्वायत्तता आम्ही काटेकोरपणे जपू, असा त्याचा आशय होता. २५ जुलैला नरेंद्र मंडळासमोर, म्हणजे संस्थानिकांच्या सभेसमोर, व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनीही तेच सांगितलं. संस्थानाने भारतात सामील होताना सही करायच्या सामीलनाम्यात ते लेखी उतरलं. भारताची पुढे होणारी राज्यघटना स्वीकारायला संस्थानिक बांधील नाही आणि त्याचं सार्वभौमत्व अबाधित राहील, अशी कलमंच त्यात होती. २६ ऑक्टोबर १९४७ ला काश्मीरच्या हरिसिंहांनी ज्यावर सही केली, तो मसुदाही मुख्यतः हाच.

वर्षही उलटलं नाही तोच दुसरे कागद पुढे आले, संस्थानच संपवणारे विलीनीकरणाचे करार. औंध, सांगली, फलटण, भोर ही दक्षिणी संस्थानं ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर आलं, १ मे रोजी बडोदा. स्वायत्ततेच्या बदल्यात संस्थानिकांच्या हाती उरले तनखे (सरकारकडून मिळणारी ठरावीक वार्षिक रक्कम), किताब आणि मानमरातब.

यावर आपल्याकडे फारसं कोणी हळहळलं नाही, आणि ते योग्यच होतं. स्वायत्ततेचं वचन राजाला दिलेलं होतं, रयतेला नव्हे. संस्थानी प्रजेच्या चळवळीतली, प्रजा परिषदांची माणसं तर जबाबदार राज्यपद्धतीसाठी राजांशीच झगडत होती. मला हुरहूर वाटते ती औंधची. तिथे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्येच, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता लोकांकडे सोपवली होती. गावपंचायत हा त्या राज्यघटनेचा पाया होता. विलीनीकरणात राजाच्या अधिकारांबरोबर गावकऱ्यांच्या हातातला तो कारभारही गेला. त्या गावांना वेगळं काही कबूल करावं, असं कुणाला सुचलं नाही.

तनख्यांची हमी राज्यघटनेच्या २९१ आणि ३६२ या कलमांत होती. पण लगेच पुढचं ३६३ वं कलम अशा करारांवरचे वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवतं. वचन मोडलं तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न तिथेच अडतो. १९७० मध्ये तनखे रद्द करणारं विधेयक राज्यसभेत अगदी थोडक्यात पडलं. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली गेली. मुंबईचे वकील नानी पालखीवाला संस्थानिकांच्या बाजूने लढले आणि १५ डिसेंबर १९७० ला सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द ठरवले. त्यावर पुढच्याच वर्षी २६ वी घटनादुरुस्ती आली आणि तनखे कायमचे गेले.

काश्मीरने विलीनीकरणाच्या करारावर सही केलीच नाही. तिथे तीन खात्यांची मर्यादा ३७० व्या कलमातून राज्यघटनेत आली, नेहरू आणि शेख अब्दुल्ला यांच्या १९५२ च्या दिल्ली करारात तिच्यावर बोलणी झाली, आणि १९५४ पासून राष्ट्रपतींच्या एकेका आदेशाने ती सैल होत गेली. राज्याची स्वतंत्र घटनासभाही होती. त्यामुळे हे वचन राजापाशी न थांबता लोकांपर्यंत पोचलं होतं. दक्षिणी संस्थानांची उदाहरणं देऊन ‘बाकीचे आले, मग त्यांचंच काय?’ असं विचारणारे हा फरक विसरतात. ५ ऑगस्ट २०१९ ला तो विशेष दर्जा संपला. ११ डिसेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय वैध ठरवला. सामिलीकरणानंतर जम्मू-काश्मीरकडे वेगळं अंतर्गत सार्वभौमत्व उरलं नव्हतं आणि ३७० ही तात्पुरती तरतूद होती, असं न्यायालयाने म्हटलं. मात्र राज्याचा दर्जा लवकरात लवकर परत द्या, असंही त्याच निकालात आहे.