हिमदृश्यचित्रण (तैलरंगातील)

बर्फाने झाकलेली भूमी हा मुख्य विषय असलेले वास्तवदर्शी निसर्गचित्र. बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. तो आकाशाचा व उन्हाचा रंग परतवतो, म्हणून हे चित्रण मुख्यतः प्रकाशाचे असते.

या प्रकाराचा उगम वादग्रस्त आहे. फ्लेमिश चित्रकार थोरल्या पीटर ब्रगेलच्या ‘बर्फातील शिकारी’ (१५६५, आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात) या ओकच्या फळीवरील तैलचित्रापासून तो मानण्याचा प्रघात आहे. १५६४–६५ चा हिवाळा असाधारण कडक होता. त्यातूनच हा विषय पुढे आला, असे काही अभ्यासक मानतात. परंतु इटलीतील त्रेंतो येथील आक्विला मनोऱ्यातील भित्तिचित्रांत (सु. १४००) जानेवारी महिना बर्फाचे गोळे फेकणाऱ्या उमरावांनी दाखवला आहे, तर लिंबर्ग बंधूंच्या सचित्र प्रार्थनापोथीत (सु. १४११–१६) फेब्रुवारीचे पान बर्फाचेच आहे. ब्रगेलचे चित्रही ऋतुमालिकेतलेच. तेव्हा महिन्यांच्या चित्रांची परंपरा हा पाया आणि कडक हिवाळा हे निमित्त, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सतराव्या शतकात डच चित्रकार हेंड्रिक आव्हरकाम्पने गोठलेल्या कालव्यांची दृश्ये लोकप्रिय केली. बर्फावरच्या निळ्या सावल्या फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या ‘मॅगपाय’मध्ये (१८६८–६९) ठळकपणे येतात. रशियात ईगोर ग्राबारने ‘फेब्रुवारीची निळाई’ (१९०४) हे चित्र बर्फात चर खणून, त्यात उभे राहून रंगवले.

पांढऱ्या रंगाची निवड येथे निर्णायक ठरते. जुन्या चित्रकारांचा शिशाचा सफेदा लवकर वाळतो, त्याचा थर लवचीक राहतो व छटा किंचित उबदार असते. मात्र तो विषारी आहे. एकोणिसाव्या शतकात आलेला झिंक व्हाइट (जस्ताचा सफेदा) थंड व पारदर्शक असला, तरी त्याचा थर कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. जाड लेपनात तो टाळावा. विसाव्या शतकातील टायटॅनियम व्हाइट सर्वांत अपारदर्शक. तो मिश्रणातील इतर रंगांना चटकन फिके करतो, म्हणून रंगात पांढरा थोडाथोडा मिसळावा. जवसाचे तेल पिवळे पडते, अंधारात ठेवलेल्या चित्रात अधिकच. करडईचे किंवा खसखशीचे तेल कमी पिवळे पडते, पण सावकाश वाळते. ते वरच्या थरांतच वापरावे.

कोऱ्या पांढऱ्या कॅनव्हासवर छटांचा अंदाज चुकतो. त्यामुळे टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा (तांबूस तपकिरी रंगाचा) किंवा करड्या रंगाचा मध्यम गडद हात आधी फिरवून वाळू देतात. मग आकाश, कारण सावल्यांचा रंग त्यावरून ठरतो. त्यानंतर दूरची झाडी व गडद खोडे. बर्फावरील सावल्या पांढऱ्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) व किंचित बर्न्ट सिएना मिसळून, उजेडाआधी लावतात. उन्हातील बर्फासाठी पांढऱ्यात यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) लवलेश पुरतो. उजळपणाच्या मापात काळा १ व शुद्ध पांढरा १० धरल्यास उन्हातला बर्फ ९ च्या आसपास ठेवावा व सावल्या ६–७ वर. दहावी पायरी दोनचार ठिकाणांपुरती, अखेरीस पॅलेट नाईफने (रंग लावण्याच्या बोथट सुरीने) जाडसर लावावी. खालचे थर कमी तेलाचे, वरचे अधिक तेलाचे, हा नियम मोडला तर भेगा पडतात.

चित्र खडूसारखे दिसते, ते पांढरा सर्वत्र वापरल्याने. निव्वळ निळ्या सावल्या जमिनीवर न टेकता तरंगतात. गडद रंगाचा ब्रश न पुसता उजेडात नेला की बर्फ मळतो. ढगाळ दिवशी क्षितिजाजवळचे आकाश व बर्फ यांत फरक अत्यल्प असतो. तिथे रेघ ओढल्यास खोली नाहीशी होते. उघड्यावर कॅनव्हासवर थेट ऊन पडत असेल, तर रंग उजळ भासतात व तेच चित्र घरात काळवंडलेले दिसते. म्हणून छत्री लागतेच. जाड थर आतून वाळण्यास महिने लागतात. व्हार्निश साधारणतः सहा महिने ते वर्षभराने देतात.

हिमालयाच्या संदर्भात रशियन चित्रकार निकोलाय रोरिखचे नाव घेतले जाते, पण त्याची पर्वतचित्रे बहुतांशी तैलरंगात नसून टेंपेरात (पाण्यात मिसळणाऱ्या रंगमाध्यमात) आहेत.