महागडं ल्युअर: पाणी नेमकं कुठे मुरतं?

रंग उडालेल्या ल्युअरवरही, म्हणजे गळ लावलेल्या कृत्रिम आमिषावरही, जायंट ट्रेव्हली हा समुद्रातला मोठा शिकारी मासा तितक्याच जोरात झडप घालतो. आतली तार हललेलं किंवा पाणी पिऊन जड झालेलं ल्युअर मात्र कितीही देखणं असलं तरी मासा हातचा घालवतं. मोठ्या माशांसाठी महाग ल्युअर घेताना आपली नजर रंगाकडे आणि डोळ्यांच्या चकाकीकडे जाते. खरी किंमत मोजायची ती तारेची आणि तिच्याभोवतीच्या आवरणाची.

या मासेमारीत ब्रेडेड लाइन (विणलेली दोरी) साधारण ८० ते १३० पौंडांची, म्हणजे ३६ ते ५९ किलो ताण सोसणारी असते. रीलचा ड्रॅग, म्हणजे ज्या ओढीला लाइन सुटू लागते ती मर्यादा, १० ते १५ किलोवर लावलेला असतो. सरळ ओढ एवढीच असेल तर बहुतेक ल्युअर ती सोसतात. अडचण येते ती पिळामुळे. वीस सेंटिमीटरच्या स्टिकबेटचा (लांबट, काठीसारख्या ल्युअरचा) पोटाखालचा ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचा गळ, जबड्याच्या कोपऱ्यात रुतला आणि शेपटीचा गालाबाहेर, की ल्युअरचं अंग तरफ होतं. मासा डोकं झटकतो तेव्हा एक गळ दुसऱ्याला उपटू पाहतो. अशा वेळी गळाची दांडी वाकते, स्प्लिट रिंग (गळ अडकवायची दुहेरी वेटोळ्याची कडी) उघडते किंवा लाकडातला स्क्रूच बाहेर येतो. ट्रेबलऐवजी जाड सिंगल हुक (एका टोकाचे गळ) लावले की हा पीळ बराच कमी होतो आणि मासा सोडतानाही त्याला कमी इजा होते.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो तारेचा. चांगल्या ल्युअरमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत स्टेनलेसची एकच सलग तार जाते आणि दोन्ही टोकांना तिचीच कडी वळवलेली असते. पोटाखालच्या भोकातून एक स्विव्हल (गोल फिरणारी जोडकडी) आत सरकवतात आणि तार तिच्या कडीतून ओवतात. अंग मधोमध चिरलं तरी लाइन आणि गळ एकमेकांना जोडलेले राहतात. स्वस्त ल्युअरमध्ये कडीचे स्क्रू लाकडात नुसते पिळलेले असतात. त्यांची पकड लाकडाच्या घट्टपणावर अवलंबून असते आणि ओलं लाकूड ती पकड सोडत जातं. प्लास्टिकच्या ल्युअरमध्ये अंगाचे दोन अर्धे भाग सांधलेले असतात. तिथे तार सांध्यातून आरपार जाते की कड्या फक्त प्लास्टिकच्या खाचेत बसवल्या आहेत, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं.

दुसरी गोष्ट आवरणाची, आणि हातकामाचे पैसे खरे जातात ते इथे. लाकूड ओलाव्याने फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या आडव्या दिशेला ते लांबीपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. वरचा इपॉक्सीचा (कृत्रिम राळेचा) थर कडक असतो, त्याला ही हालचाल झेपत नाही. दाताने एक खोल छिद्र पाडलं की पाणी आत शिरतं, लाकूड फुगतं, थराला रेषेच्या दिशेने तडा जातो आणि त्या तड्यातून आणखी पाणी जातं. जाणकार कारागीर रंगाआधी लाकूड पातळ सीलरमध्ये (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या द्रवात) पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतो. तारेची खाच आणि गळाची भोकंही तो आतून बंद करतो. वरचा थर फुटला तरी आतलं लाकूड चटकन पाणी पीत नाही. हे काम बाहेरून दिसत नाही, पण वजनकाट्यावर ते दिसतं.

समजा, स्टिकबेटचं आकारमान १३० घन सेंटिमीटर आहे. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ धरली तर ते पूर्ण बुडाल्यावर १३३ ग्रॅम पाणी बाजूला सारतं. गळांसकट त्याचं वजन १२० ग्रॅम असेल तर तरंगण्यासाठी हाताशी उरतात फक्त १३ ग्रॅम. आत ५ ग्रॅम पाणी मुरलं की त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग संपतो. ल्युअर तरंगतं, पण नाक किंवा शेपूट खाली झुकते आणि ज्या डोलण्यासाठी एवढे पैसे मोजले ते डोलणंच बिघडतं. गळ बदलतानाही हेच गणित लागू होतं. जुन्या जोडीपेक्षा नवी ८ ग्रॅमने जड निघाली तर स्टिकबेट आळसावतं. म्हणून नवं ल्युअर गळ काढून एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलावं आणि आकडा वहीत टिपून ठेवावा. मासेमारीनंतर वाळवून पुन्हा तोलल्यावर दोन-तीन ग्रॅम वाढलेले दिसले तर कुठून तरी पाणी शिरतंय.

दुरुस्तीत घाई केली की हमखास बिघडतं. ओल्या लाकडावर इपॉक्सी लावली तर पाणी आतच कोंडतं आणि पहिल्या कडक उन्हात थर फोडांसारखा उचलला जातो. ल्युअर सावलीत, हवेशीर जागी टांगावं आणि वजन वहीतल्या आकड्यावर येईपर्यंत थांबावं. मग भोकाच्या कडा सँडपेपरने साफ कराव्यात, दोन भागांची इपॉक्सी भरावी आणि शेवटी वरून एक पातळ हात द्यावा.

तारेच्या गंजाची खूण नाकाच्या कडीभोवती दिसते. तपकिरी ओघळ आला की समजावं. स्टेनलेस टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि हा थर भरून निघायला ऑक्सिजन लागतो. लाकडाच्या खाचेत खारट पाणी साचून राहिलं तर तिथला ऑक्सिजन संपतो आणि मिठातलं क्लोराइड तारेला खड्डे पाडतं. ३१६ दर्जाच्या पोलादात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते ३०४ पेक्षा हा मारा जास्त सोसतं. पण कोंडलेल्या खाऱ्या पाण्यापुढे तेही कायमचं टिकत नाही. वाकलेली कडी पुन्हा पुन्हा सरळ करू नये. प्रत्येक वाकवण्याने तार कडक आणि ठिसूळ होत जाते.

गळ आणि स्प्लिट रिंग यांचा ल्युअरच्या टिकाऊपणाशी संबंध जोडूच नये. या खर्चाच्या वस्तू आहेत. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढावं. ते रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. कानशीने धार लावता येते, पण कथिलाचं किंवा निकेलचं आवरण निघून जातं आणि कार्बन पोलाद उघडं पडतं. तो गळ पुढे लवकर गंजणार हे धरून चालावं. मोठ्या झुंजीनंतर रिंगच्या दोन वेटोळ्यांत फट दिसली तर ती फेकावी, पकडीने दाबून परत वापरू नये.

आता किंमत वसूल होते का? ल्युअर एकतर झिजतं, नाहीतर हरवतं. समजा, महाग ल्युअर स्वस्तच्या तिप्पट किमतीचं आहे; स्वस्त सहा फेऱ्यांत झिजून निकामी होतं आणि महाग जवळजवळ झिजतच नाही. दर फेरीला हरवण्याची शक्यता पाचात एक असेल, तर महाग ल्युअर सरासरी ५ फेऱ्या चालतं आणि स्वस्त ३.७. तिप्पट किंमत मोजून आयुष्य दीडपटही वाढत नाही. तीच शक्यता पन्नासात एक असेल, तर महाग सरासरी ५० फेऱ्या टिकतं आणि स्वस्त ५.७. फरक जवळपास नऊपट होतो. थोडक्यात, टिकाऊपणाचे पैसे तिथेच फिटतात जिथे ल्युअर परत येतं. खडकाळ तळाशी जिग (तळापर्यंत सोडायचं जड ल्युअर) टाकताना, शार्क घोंघावत असताना किंवा वाहू माशाच्या धारदार दातांपुढे महाग ल्युअर लावण्यात अर्थ नाही. मोकळ्या पाण्यात पृष्ठभागावर ट्रेव्हली किंवा टूनासाठी पॉपर (पाणी उडवत चालणारं ल्युअर) मारताना तो अर्थ आहे. मार्लिन माशासाठी ट्रोलिंगच्या, म्हणजे चालत्या बोटीमागे ओढायच्या, ल्युअरमध्ये रेझिनचं डोकं वर्षानुवर्षं टिकतं, त्याच्यामागची झालर फाटते. म्हणून झालर बदलता येईल असंच डोकं घ्यावं.

हरवण्याची शक्यता कमी करणं आपल्या हातात असतं. प्रत्येक माशानंतर ल्युअरजवळचा मीटरभर लीडर (लाइन आणि ल्युअर यांच्यामधला जाड दोरा) दोन बोटांत धरून ओढावा. कुठेही खरखरीत लागला की तेवढा कापून गाठ नव्याने बांधावी.

घरी आल्यावर नळाखाली नुसतं धरून भागत नाही. दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यात बुडवून ठेवावं, म्हणजे कड्यांच्या खोबणीतलं मीठ विरघळतं. मग गळ सुटे करून सावलीत वाळवावं. बंद गाडीत पोकळ प्लास्टिकचं ल्युअर ठेवू नये. २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की आतल्या हवेचा दाब सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो आणि आधी सांधाच उघडतो. व्हिनाइलच्या झालरी आणि मऊ रबरी आमिषं कडक प्लास्टिकच्या ल्युअरना टेकून ठेवू नयेत. त्यांतून पाझरणारा मऊपणाचा घटक रंग आणि प्लास्टिक दोन्ही चिकट करतो.