गायगर नळीला चारशे व्होल्ट कशासाठी लागतात?

सोलापुरात कुठल्याही कॉलनीत गच्चीवर मोबाइल टॉवर येणार असं कळलं, की कुणीतरी ‘रेडिएशन मीटर’चा विषय काढतंच. मग एखादा उत्साही तरुण गायगर काउंटर, म्हणजे गायगर नळीवर चालणारं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, टॉवरच्या दिशेने धरून टिकटिक ऐकवतो आणि जमलेले लोक घाबरतात. टिकटिक खरी असते, पण टॉवर बंद केला तरी ती तितकीच होते. आकाशातून येणारे वैश्विक किरण आणि भिंतीतल्या विटा, सिमेंट, वाळू यांमधली किरणोत्सारी मूलद्रव्यं एवढ्यावर साधी नळी मिनिटाला साधारण पंधरा ते पंचवीस वेळा वाजते. सोलापूरचा काळा बेसॉल्ट त्यात फारच थोडी भर घालतो. केरळच्या किनाऱ्यावरची मोनॅझाइटची वाळू याच्या नेमकी उलट, थोरियमने भरलेली.

गायगर नळीला टॉवर दिसतच नाही. नळीतल्या आरगॉनच्या अणूतून एक इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे 15.8 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. टॉवरच्या 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीच्या एका फोटॉनची, म्हणजे ऊर्जेच्या एका पुडक्याची, ऊर्जा त्याच्या वीस लाखांश भागापेक्षाही कमी असते. असे फोटॉन कितीही आले तरी अणूला त्याचं सोयरसुतक नसतं. स्वस्तातल्या काउंटरला फोन अगदी चिकटवून धरला तर सर्किट बावचळून खोटी टिकटिक करू शकतं, पण ते मोजमाप नव्हे. फोनच्या मागे चिकटवायच्या ‘अँटी-रेडिएशन’ चकत्या आणि वास्तूतली ‘नकारात्मक ऊर्जा’ मोजणारे स्कॅनर याच अज्ञानावर विकले जातात. ही उघड लूट आहे आणि तिला तसंच म्हणायला हवं.

आता नळीकडे वळू. हान्स गायगर आणि अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी 1908 साली मँचेस्टरमध्ये अल्फा कण एकेक करून मोजायची युक्ती काढली. 1928 मध्ये गायगर आणि वॉल्टर म्युलर यांनी तिला आजचं रूप दिलं. धातूची नळी, तिच्या मधोमध ताणलेली बारीक तार आणि आत कमी दाबाचा वायू, एवढीच रचना. नळी ऋण, तार धन. किरण आत शिरला की वायूतल्या काही अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि हे सुटे इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात.

पण सुटे इलेक्ट्रॉन असतात मूठभर. गॅमा किरणामुळे नळीच्या भिंतीतून एखादा इलेक्ट्रॉन उडून आत येतो, तो वायूत आणखी थोडे सोडवतो, संपलं. एवढा प्रभार कुठलंही साधं सर्किट ओळखू शकत नाही. इथे तारेचा बारीकपणा कामाला येतो. गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी अरुंद गल्लीत शिरताना दाटते, तशा विद्युत क्षेत्राच्या रेषा तारेपाशी दाटतात. नळीची त्रिज्या 1 सेंटीमीटर आणि तारेची 0.05 मिलिमीटर धरा. 400 व्होल्ट लावले तर भिंतीपाशी क्षेत्र सेंटीमीटरला जेमतेम 75 व्होल्ट भरतं, तारेच्या पृष्ठभागावर मात्र 15,000 व्होल्ट. दोनशे पट! तेच 400 व्होल्ट 1 सेंटीमीटर अंतरावरच्या दोन सपाट पत्र्यांना लावले असते, तर सगळीकडे 400 व्होल्ट प्रतिसेंटीमीटरच मिळाले असते आणि काहीच घडलं नसतं.

तारेच्या अगदी जवळ आलेला इलेक्ट्रॉन दोन टकरींच्या मधल्या अंतरात इतका वेग घेतो, की पुढच्या अणूतून नवा इलेक्ट्रॉन उडवतो. एकाचे दोन, दोनाचे चार. जॉन टाउनसेंड यांनी अभ्यासलेला हाच तो इलेक्ट्रॉनांचा लोंढा. विद्युत दाब (व्होल्टेज) बेताचा असेल तर लोंढा मूळ इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणात राहतो. त्या नळ्या ‘प्रपोर्शनल’, आणि त्यांना व्होल्टेज फार काटेकोर लागतं. दाब आणखी वाढवला की लोंढ्यातल्या उत्तेजित अणूंमधून अतिनील प्रकाश निघतो, तो वायूतून आणि भिंतीतून नवे इलेक्ट्रॉन काढतो आणि लोंढे तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटत जातात. आता सुरुवात एका इलेक्ट्रॉनने झाली की हजारांनी, शेवटची धडक तेवढीच. अब्जावधी इलेक्ट्रॉन, स्पीकर वाजवता येईल असा ठोका.

हे थांबतंही आपोआप. इलेक्ट्रॉन चपळ, ते तारेत जातात. इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, म्हणजे जड धन आयन, तारेभोवती मागे रेंगाळतात, क्षेत्र पडतं आणि लोंढा विझतो. ते आयन भिंतीवर आदळून पुन्हा इलेक्ट्रॉन उडवू नयेत म्हणून वायूत थोडं अल्कोहोल किंवा ब्रोमीनसारखा हॅलोजन मिसळतात. अल्कोहोलचे रेणू दर ठोक्याला तुटत जातात, म्हणून त्या नळीचं आयुष्य ठरलेलं. हॅलोजनचे अणू पुन्हा जोडले जातात. शिवाय हॅलोजनच्या नळ्या साधारण 400 व्होल्टवर चालतात. रशियन बनावटीची एसबीएम-20 ही त्यातलीच.

आता वीजपुरवठा. 400 व्होल्ट ऐकून मोठा ट्रान्सफॉर्मर डोळ्यांपुढे येतो, पण प्रवाह लागतो काही मायक्रोअँपिअर. 400 व्होल्ट गुणिले 10 मायक्रोअँपिअर म्हणजे 4 मिलिवॉट, एलईडीचा दिवासुद्धा नीट लागणार नाही. म्हणून 9 व्होल्टची बॅटरी पुरते. ट्रान्झिस्टर कॉइलमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतो, दर तोडीला कॉइल उंच दाबाचा झटका देते आणि डायोड तो कपॅसिटरमध्ये साठवतो. तिथून सुमारे 5 मेगओहमच्या रोधातून तारेला जोडणी. हा रोध तारेच्या टोकालाच डाखवायचा, लांब वायरच्या दुसऱ्या टोकाला नाही. नाहीतर वायरमध्ये साठलेला प्रभारही दर ठोक्याला नळीत ओतला जातो आणि नळी लवकर झिजते.

प्रदर्शनासाठी प्रकल्प करणारी मुलं हमखास अडकतात ती हा दाब मोजताना. साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध 10 मेगओहम, म्हणजे 400 व्होल्टला तो एकटाच 40 मायक्रोअँपिअर खेचतो. एवढाही न झेपणारा पुरवठा लगेच बसतो आणि मीटर 250 दाखवतो. मग मुलं पॉट (दाब कमीजास्त करायची कळ) फिरवून आकडा 400 वर आणतात, मीटर काढतात, खरा दाब 600 च्या पुढे उसळतो आणि महागडी नळी अखंड पेटून कायमची जाते. त्यावर उपाय आहे: 100 मेगओहमचे दहा रोध ओळीने मीटरच्या मालिकेत जोडा आणि वाचन 101 ने गुणा. मीटरवर 3.96 दिसलं की 400 व्होल्ट पुरे झाले. दहा रोध अशासाठी, की साधा पाव वॉटचा रोध सहसा 250 व्होल्टपर्यंतचाच असतो. बोर्डवर डाखकामात उरलेला चिकट फ्लक्स आणि बोटांचा घाम स्पिरिटने पुसून घ्या, कारण एवढ्या कमी प्रवाहात घाणीतून होणारी गळतीही दाब खाली ओढते. आणि बॅटरी काढल्यावर कपॅसिटर रोधातून रिकामा केल्याशिवाय हात घालू नका.