पिचरचं डोकं कसं घडलं

आजच्या बेसबॉलमध्ये सगळा खेळ पिचरच्या हातात असतो. तो बॉल टाकत नाही तोवर मैदानावर काहीच घडत नाही. सुरुवातीला मात्र त्याला कुणी विचारतही नव्हतं. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले, तेव्हा बॉल हात खालून झुलवत फलंदाजाला द्यायचा, जोरात फेकायचा नाही, असं ठरलं. खरा खेळ फटका बसल्यावर सुरू व्हायचा, आणि तो बसेल असा बॉल देणं एवढंच पिचरचं काम. पुढे तर बॉल वर हवा की खाली हे फलंदाजाने सांगायचं आणि पिचरने तसा द्यायचा, असाही नियम होता. तो १८८७ मध्ये गेला.

पिचरची मानसिकता, त्याचा संयम, त्याची फसवाफसवी याबद्दल आज भरभरून बोललं जातं. ती समजून घ्यायची तर हा प्रवास माहीत हवा. नियमांनी पिचरला वेळोवेळी जखडलं, आणि प्रत्येक वेळी त्याने डोकं चालवून वाट काढली.

पहिली वाट काढली ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबच्या जेम्स क्रेटनने, १८६० च्या आसपास. हात खालूनच यायचा, पण बॉल सुटताना तो मनगटाला चोरटा झटका देतो अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. बॉल वेगात यायचा आणि फलंदाज चाचपडायचे. १८६२ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी तो गेला, पण पिचर फलंदाजाचा प्रतिस्पर्धी होऊ शकतो हे तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच सुमारास फलंदाज चांगले बॉल सोडायला लागले आणि पिचर मुद्दाम वाईट बॉल टाकायला लागले. त्याला आळा घालायला अंपायरने ‘स्ट्राइक’ (मारण्याजोगा असून सोडलेला किंवा हुकलेला) आणि ‘बॉल’ (मारण्याजोगा नसलेला) पुकारण्याची पद्धत आली. १८८४ मध्ये नॅशनल लीगने (अमेरिकन लीगसह आजच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) खांद्यावरून बॉल फेकायला परवानगी दिली. १८८९ मध्ये चार ‘बॉल’ झाले की फलंदाजाला पहिला बेस (धावेच्या वाटेवरच्या चार थांब्यांपैकी पहिला) फुकट, हे पक्कं झालं. खांद्यावरून येणारा वेग फलंदाजांना झेपेना, म्हणून १८९३ मध्ये पिचरला मागे सरकवून अंतर ६० फूट ६ इंच केलं. ते आजही तेवढंच आहे.

क्रिकेट बघत मोठे झालेल्या आपल्या वाचकाने इथे जरा थांबावं. क्रिकेटच्या गोलंदाजाला धाव घ्यायला मिळते, आणि टप्पा पडल्यावर खेळपट्टीही मदत करते. पिचरला यातलं काहीच नाही. एका जागी उभं राहून, पाय उचलून, कोपरातून हात वाकवून फेकायचं आणि बॉल हवेतच वळवायचा. त्यामुळे त्याची सगळी कारागिरी बोटांच्या टोकांवर येऊन थांबते. बॉलवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. या शिवणीवर बोटं आडवी ठेवली, उभी ठेवली की एका बाजूला सरकवली, यावर बॉलची फिरकी ठरते. फिरणाऱ्या बॉलवर हवेचा दाब दोन बाजूंना सारखा राहत नाही आणि तो वाट बदलतो. हे वळण खरं नसून नजरेचा भ्रम आहे, असा वाद कित्येक वर्षं चालला. कर्व्हबॉलच्या, म्हणजे हवेत वळणाऱ्या बॉलच्या शोधाचं श्रेय ज्याला दिलं जातं त्या कँडी कमिंग्जला ही कल्पना लहानपणी ब्रुकलिनच्या किनाऱ्यावर शिंपले फेकताना सुचली, असं तो सांगायचा. १८६७ मध्ये हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात त्याने तो बॉल वापरला.

ताशी ९० मैलांनी टाकलेला बॉल फलंदाजापर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोचतो. मारायचं की सोडायचं हा निर्णय त्याच्याही निम्म्या वेळात घ्यावा लागतो. म्हणून निष्णात पिचर प्रत्येक प्रकारचा बॉल त्याच हालचालीतून, त्याच जागेवरून सोडतो. चेंजअप घ्या. हाताचा वेग फास्टबॉलचाच, पण बॉल तळव्यात खोल धरलेला. तो ताशी आठ-दहा मैल हळू येतो आणि फलंदाजाची बॅट त्याच्या आधीच फिरून जाते. ग्रेग मॅडक्सचा फास्टबॉल त्याच्या काळातही काही थरकाप उडवणारा नव्हता. तरी १९९२ ते १९९५ अशी सलग चार वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याने घेतला आणि कारकिर्दीत ३५५ सामने जिंकले. माझ्या मते पिचिंग म्हणजे काय हे शिकायचं असेल तर त्याच्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

उलट बाजूने बघायचं तर सँडी कोफॅक्स. ब्रुकलिनचा हा डावखुरा १९५५ मध्ये डॉजर्स संघाकडून खेळायला लागला. हातात विलक्षण जोर, पण बॉल कुठे जाईल याचा नेम नाही. पहिल्या सहा हंगामांत ३६ विजय आणि ४० पराभव. १९६१ च्या वसंतातल्या एका सराव सामन्यात तो पुन्हा भरकटला, तेव्हा फलंदाजामागे बॉल झेलणारा कॅचर नॉर्म शेरी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, जरा जोर कमी कर, त्यांना मारू दे. कोफॅक्सने ऐकलं. बॉल जिथे हवा तिथे पडायला लागला, आणि त्याच्याही लक्षात आलं की वेग फारसा घटलेलाच नाही. पुढची पाच-सहा वर्षं इतिहासात नोंदली गेली. चार वर्षांत चार नो-हिटर, म्हणजे एकाही फलंदाजाला फटक्याच्या जोरावर बेस गाठू न दिलेले सामने, आणि त्यांतला १९६५ चा तर परफेक्ट गेम, म्हणजे एकही फलंदाज बेसवर पोचला नाही. ताकद सुरुवातीपासून होतीच. स्वतःला आवरायचं कसं, हे कळायला सहा वर्षं लागली.

साठच्या दशकाच्या शेवटी पिचर इतके वरचढ झाले की नियम पुन्हा त्यांच्यावर उलटले. १९६८ मध्ये सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळता सरासरी फक्त १.१२ धावा दिल्या. अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी सर्वोत्तम फलंदाजाची सरासरी जेमतेम .३०१ होती, म्हणजे दहा संधींत तीनच यशस्वी फटके. पुढच्याच वर्षी पिचर ज्यावर उभा राहतो तो उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन, म्हणजे बॉल स्ट्राइक धरला जातो ती जागा, आखडला.

पिचरच्या मनाचा स्वतंत्र विचार व्हायला मात्र बराच उशीर झाला. पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास १९७१ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन लीगांच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा नायक. १९७३ मध्ये त्याला स्ट्राइक टाकताच येईना. हाताला दुखापत नव्हती, कारणही सापडलं नाही, आणि कारकीर्द लवकरच संपली. ऑक्टोबर २००० मध्ये २१ वर्षांच्या रिक अँकिएलने अटलांटाविरुद्ध एकाच इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरलाही अडवता न येणारे भरकटलेले बॉल टाकले, सगळ्या देशासमोर. पिचर म्हणून तो पुन्हा उभा राहू शकला नाही. २००७ मध्ये तो आउटफिल्डर, म्हणजे दूरवरचा क्षेत्ररक्षक बनून परतला आणि पहिल्याच सामन्यात होमरन मारला. त्याच्या चिकाटीपुढे मला मान झुकवावीशी वाटते.

रॉय हॅलडेची गोष्ट याच्याशी जोडून वाचावी. २००० मध्ये टोरोंटोकडून खेळताना त्याने नऊ इनिंगमागे, क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळूनही, सरासरी १०.६४ धावा दिल्या. मोठ्या लीगमधल्या इतक्या वाईट हंगामानंतर क्लबने त्याला थेट खालच्या पातळीवर पाठवलं. तिथे प्रशिक्षक मेल क्वीनने त्याचा हात खाली आणला. डोक्यावरून सरळ येणारा बॉल आता तिरक्या कोनातून यायला लागला आणि आपसूक वळायला लागला. हाताइतकंच मनावरही काम झालं. हार्वे डॉर्फमन हे मुळात शिक्षक, ऐंशीच्या दशकात ऑकलंड संघात खेळाडूंचे मानसिक प्रशिक्षक झाले. त्यांची शिकवण साधी आणि कडक होती. अंपायर काय देईल, क्षेत्ररक्षक झेल घेईल का, मागचा बॉल कुठे गेला, हे काहीच तुझ्या हातात नाही. हातात आहे फक्त पुढचा बॉल. हॅलडे त्यांच्याकडे शिकला. २००३ आणि २०१० मध्ये त्याने साय यंग पुरस्कार जिंकला, आणि २०१० मध्येच परफेक्ट गेम व प्लेऑफमधला नो-हिटर हे दोन्ही केलं.

भारताशी थेट धागा याच ठिकाणी जुळतो. २००८ मध्ये भारतात जोरात आणि अचूक फेकणाऱ्या तरुणांचा शोध घेणारी स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघेही भालाफेकीतून आलेले. हातात जोर होता, पण फलंदाज वाचणं, बॉलचा क्रम ठरवणं, मार बसल्यावर सावरणं हे अमेरिकन मुलं शाळेपासून शिकतात. दोघांपैकी कुणी मोठ्या लीगपर्यंत पोचलं नाही, आणि त्यात त्यांची उणीव बघणं अन्यायाचं ठरेल.

शरीर याची किंमत मोजतं हेही विसरून चालणार नाही. कोफॅक्स १९६६ मध्ये २७ सामने जिंकून, कोपराच्या संधिवातामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. १९७४ मध्ये टॉमी जॉनच्या डाव्या कोपराचा अस्थिबंध फाटला, तेव्हा डॉक्टर फ्रँक जोब यांनी उजव्या हातातला स्नायुबंध काढून तिथे बसवला. यशाची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी सांगितलं होतं. टॉमी जॉन त्यानंतर १६४ सामने जिंकला आणि वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि वेगाच्या मागे लागलेल्या कोवळ्या मुलांवरही ती होते. ही गोष्ट मला अस्वस्थ करते. मॅडक्सचा धडा समोर असताना वेगाचा हा हव्यास कशाला?

२०२३ पासून पिचरच्या हातून आणखी एक हत्यार गेलं, ते म्हणजे वेळ. उंचवट्यामागे जाणं, हाताची पकड घट्ट करणाऱ्या रोझिनच्या पिशवीला हात लावणं, खोल श्वास घेणं, फलंदाजाला ताटकळत ठेवणं, हे सगळं आता घड्याळाच्या आत बसवावं लागतं. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. बेसवर धावपटू असतील तर पहिल्या वर्षी २० आणि २०२४ पासून १८.