रात्री नाक चोंदणे

आडवे झाल्यावर एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून श्वास नीट न येणे आणि त्यापायी झोप न लागणे, मधूनमधून मोडणे किंवा सकाळी उठल्यावर शीण कायम राहणे, अशी ही तक्रार असते. हा स्वतंत्र रोग नाही. सर्दी, ॲलर्जी, दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा, नाकात वाढलेले मांस (पॉलिप), गरोदरपण अशा अनेक कारणांनी दिसणारे ते लक्षण आहे. दिवसा मोकळे असलेले नाक अंथरुणाला पाठ टेकताच बंद होते, असे पुष्कळजण सांगतात. तो मनाचा खेळ नसतो.

नाक चोंदले म्हणजे आत शेंबूड साचला, हा समज अर्धाच खरा आहे. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर हाडांच्या वळणदार पट्ट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यावरच्या अस्तरात शिरांचे दाट जाळे असते. या शिरा रक्ताने भरल्या की अस्तर ओल्या स्पंजासारखे फुगते आणि हवेची वाट अरुंद होते. शिंकरून शिंकरून नाक लाल झाले तरी मोकळे वाटत नाही ते यामुळेच. बाहेर काढण्याजोगे आत फारसे काही नसते. उभ्या माणसाच्या डोक्यातले रक्त सहज खाली उतरते, पण आडवे झाल्यावर तो उतार संपतो आणि नाकातल्या शिरांमधला दाब वाढतो. त्यातच दाह शमवणाऱ्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर असते. गादी-उशीतल्या धूलिकीटकांची ॲलर्जी असलेल्याची तर रात्रभर त्यांच्याशीच गाठ असते.

निरोगी माणसाच्याही दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू फुगलेली, मग दुसरी, अशी पाळी चालू असते. रिखार्ड कायझर या जर्मन वैद्यांनी १८९५ मध्ये या नासाचक्राचे वर्णन केले. दोन्ही बाजू मिळून होणारा अडथळा जवळपास तेवढाच राहत असल्याने एरवी ही अदलाबदल लक्षातही येत नाही. पडदा एकीकडे वाकलेला असला (‘नाकाचे हाड वाढले’ म्हणतात तो बहुधा हाच प्रकार) तर मात्र चांगल्या बाजूची फुगण्याची पाळी आली की पंचाईत होते. गंमत म्हणजे अशा वेळी रुग्ण तक्रार करतो ती चांगल्या नाकपुडीचीच, कारण वाकड्या बाजूची त्याला सवय झालेली असते. कुशीवर निजल्यास खालची नाकपुडी चोंदते आणि वरची मोकळी होते. यात काखेकडच्या भागावर पडणाऱ्या दाबातून घडणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेचाही वाटा आहे. कूस बदलल्यावर थोड्या वेळाने बाजूही बदलते, एवढे माहीत असले तरी घाबरगुंडी कमी होते.

नाक बंद झाले की तोंड उघडते. घसा कोरडा पडतो, जबडा खाली जातो, जीभ मागे सरते आणि घोरणे वाढते. झोपेत श्वास थांबण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, यात चोंदलेले नाक भर घालते, पण केवळ नाक मोकळे केल्याने तो विकार सहसा बरा होत नाही. ज्यांना सीपॅप यंत्र (मुखवट्यातून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे) लावून झोपावे लागते त्यांना मात्र नाकाच्या उपचाराचा चांगला उपयोग होतो.

अडथळा असणे आणि तो जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत जाणाऱ्या हवेचा गारवा मज्जातंतूंना कळतो, त्यावरून मेंदू नाक मोकळे असल्याचे ठरवतो. सर्दीच्या मलमातले मेंथॉल हाच गारव्याचा संदेश हवेशिवाय पाठवते. मलम चोळल्यावर बरे वाटते, वाट मात्र होती तेवढीच राहते. झोप लागण्यापुरता हा आभासही कामाचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन हे थेंब शिरा आकसवून काही मिनिटांत नाक उघडतात, आणि खरी अडचण इथेच सुरू होते. ते सलग तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास असर ओसरताच अस्तर पुन्हा फुगते, माणूस पुन्हा बाटली उचलतो आणि मूळची सर्दी गेली तरी चोंदणे मागे उरते. तोंडाने घ्यायच्या फेनिलेफ्रिनचा नाक मोकळे करण्यास उपयोग होत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये काढला. स्यूडोएफेड्रिन गुणकारी आहे, पण तेच झोप उडवते. ॲलर्जीवर स्टिरॉइडचा फवारा अधिक भरवशाचा; त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस ते आठवडे लागतात, आणि बहुतेकजण त्याआधीच तो सोडून देतात. उशाकडची बाजू उंच करणे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे निर्धोक उपाय आहेत. धुण्याचे पाणी उकळून गार केलेलेच हवे, कारण कच्च्या पाण्यातला नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून जीव घेऊ शकतो.

पहिल्या काही महिन्यांत बाळे मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, म्हणून साध्या सर्दीतही त्यांचे दूध पिणे आणि झोप दोन्ही बिघडतात. थोड्या मोठ्या मुलाचे तोंड झोपेत कायम उघडे राहत असेल तर वाढलेल्या ॲडिनॉइडची (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात असलेल्या टॉन्सिलसारख्या गाठीची) शंका घ्यावी. एकच नाकपुडी सतत बंद राहणे किंवा तिच्यातून रक्त येणे याची तपासणी लांबवू नये. आडवे होताच दम लागतो, उठून बसल्यावर बरे वाटते आणि पायांवर सूज आहे, असे असल्यास दोष नाकात नसून हृदयात असू शकतो. पहाटे छातीत घरघर होत असेल तर दम्याची तपासणी करावी लागते.