गुडघा बोटांच्या पुढे गेला तर काय होतं?

जिममध्ये पहिल्याच दिवशी ट्रेनरने दम भरला, स्क्वॉट मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला तर गुडघे कामातून जातील. घरी आलो तर आई उकिडवी बसून मेथी निवडतेय, टाचा जमिनीला, गुडघे बोटांच्या चांगले पुढे. वय सदुसष्ट. हिला कोणी सांगितलं नाही वाटतं!

2003 साली याच नियमावर एक प्रयोग झाला होता. वजनाचा बार खांद्यावर घेऊन काही जणांना आधी मोकळेपणाने स्क्वॉट मारायला लावले, मग गुडघ्यांसमोर फळी अडवून. फळीने गुडघ्यावरचा टॉर्क, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, 150 न्यूटन-मीटरवरून 117 वर आला, पण खुब्यावरचा 28 वरून थेट 302! गुडघा अडवला की तोल सांभाळायला माणूस पुढे वाकतोच, मग सगळं बिल खुब्यावर आणि कमरेवर फाटतं.

हे एकदा कळलं की स्क्वॉटचे बाकीचे प्रकार सोपे आहेत. बॅक स्क्वॉटमध्ये, म्हणजे बार मानेमागे खांद्यांवर घेऊन, वजन जास्त उचलता येतं पण धड झुकतं, कंबर कुरकुरत असेल तर फ्रंट स्क्वॉट घ्या, बार गळ्यापाशी असल्याने पाठ ताठ राहते आणि वजन कमी घेऊनही मांड्यांना काम जवळपास तेवढंच पडतं. नवख्यांना मी गॉब्लेटच सांगेन, डंबेल छातीशी धरायचा आणि बसायचं, बस्स. गुडघा दुखत असेल तर बॉक्स स्क्वॉट, मागे ठेवलेल्या खोक्यावर टेकायचं, नडगी उभी राहते म्हणून गुडघ्यावर भार कमी. आणि आपली आखाड्यातली बैठक, टाच उचललेली, गुडघा पार पुढे, सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर, पण वजन फक्त अंगाचं म्हणून शंभर शंभर मारता येतात.

गुडघा जपायचा म्हणून वाकवायचाच नाही हेही चूक. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं सांध्यातल्या पातळ द्रवातून, आणि तो आत-बाहेर होतो ती दाबली-सुटली की, स्पंजसारखी. फक्त वजन हळूहळू वाढवा, दादरच्या पुलावरून उतरताना वाटीमागे कळ आली तर आठवडाभर कमी करा.

खाली बसताना टाच उचलली जात असेल तर बऱ्याचदा दोष गुडघ्याचा नसून आखडलेल्या घोट्याचा असतो. भिंतीपासून चार बोटं लांब पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. माझा उजवा आरामात टेकतो, डावा नाही, कॉलेजात असताना शिवाजी पार्कात मुरगळलेला तोच.